ठराव क्रमांक एक

सभा भरली वखारभागात,
सातवी 'ब'च्या वर्गात, बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून.
गणसंख्या नऊ, हजर सहा.
म्हणून अर्धा तास तहकूब,
मग पुन्हा तीच सभा, त्याच सहाजणांची.
विषय पहिला :
मंडळाचे ज्येष्ठ संगीतकार श्री. नेमगोंडा मगदूम
यांच्या भगिनींचे दुःखद निधन.

छापील मसुदा माझ्याकडे असतोच.
वीस वर्षं चिटणीस आहे, माणसं जातच असतात.
'श्रीमती .............. यांच्या निधनाने
कधीही भरून न येणारी हानी'
ठिपक्यांवर पेन थांबलं.
नाव काय होतं?

आक्का. आम्ही सगळे आक्काच म्हणायचो.
तालमीला गेलो की ताकाचा तांब्या उंबऱ्यावर ठेवायची,
आत यायची नाही, पेटीला धक्का लागेल म्हणून.
दिवस मावळायच्या आत जेवायला हाक मारायची
आणि नांदीचा अंतरा अर्ध्यात सोडून
मास्तर उठायचे.
एका मंत्र्यासाठीसुद्धा उठले नव्हते.

खजिनदार वीज मंडळातले. त्यांनी फोन लावला,
हरिपूरच्या घराचं बिल काढायला सांगितलं.
ग्राहकाचे नाव : सुगंधाबाई आदगोंडा मगदूम.
लिहिलं. सूचक मी, अनुमोदक खजिनदार.
दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो.
मागच्या वखारीत हळद पॉलिशचं पिंप गडगडत होतं
आणि आमच्या तबलजींची बोटं मांडीवर
हलली. मी पाहिलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी हरिपूर.
भिंतीवर पुराची रेघ अजून आहे,
माझ्या छातीइतकी.
मास्तर दूध उतू गेलेलं पातेलं घासत होते.
हात धोतराला पुसले, 'बस की' म्हणाले,
चहा टाकला, साखरेसाठी पाच डबे उघडले.
चार डाळींचे निघाले. पाचव्यात सुया, रिळं, बटणं.
'ऱ्हाऊ दे,' मी म्हणालो. बिनसाखरेचाच प्यालो.

जावक क्रमांक चौदा. शिक्का, सही.
त्यांनी चष्मा लावून वाचलं,
बंदिशीची वही वाचावी तसं, ओठ न हलवता.
मग म्हणाले, 'ही आमची आई.
शहात्तर साली गेली.'

मला जमीन दिसेना.
हात पुढं केला, कागद परत द्या म्हणून.
'आसू दे. तिच्या वेळंला कुणी आणला न्हवता असला कागद.
हिचा राहिलाच होता.'
घडी घातली, पेटीच्या झाकणाखाली ठेवली.

'आणि आक्कांचं नाव?' मी पेन उघडलं.
'श्रीमती.'
मी वाट पाहिली. 'श्रीमती, पुढं?'
'पुढं काय न्हाई. नावच श्रीमती. बाबांनी ठेवल्यालं.'

हरिपूर रस्त्यानं सायकल हातात धरून चालत आलो.
वीस वर्षं माझ्या कपाटात
तिचं नाव छापून पडलं होतं,
दोनशे प्रतींत,
गावातल्या प्रत्येक गेलेल्या बाईच्या आधी,
आणि मी पुढची जागा भरायला
माणसं धाडत होतो.

महिन्यानं पुन्हा सभा.
मास्तर आले, शेवटच्या बाकावर बसले.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे :
पान तीन, ओळ दोन,
सुगंधाबाई हे नाव व ठिपके वगळावेत,
श्रीमती हा शब्द तसाच ठेवावा.
तबलजींनी विचारलं, म्हणजे नुसतं श्रीमती?
मी म्हटलं, हो. नुसतं.
दुरुस्तीसह कायम.

विषय दुसरा, वर्गणी. विषय तिसरा, सतरंजी.
खिडकीतलं ऊन फळ्यावरून खाली सरकत
खडूच्या डब्यापाशी आलं.
चर्चा सतरंजीच्या रंगावर अडली होती
तेव्हा कुणी हाक न मारता
मास्तर उठले.